तलावासाठी निधी मागताना

तलावावर जलपर्णी पसरली की आपल्याकडे ठरलेला क्रम सुरू होतो. आधी डासांची तक्रार, मग वर्तमानपत्रात फोटो, मग निवेदन, आणि शेवटी प्रभाग समितीचं पत्र : निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल. पुढल्या वर्षी फोटो तोच, तारीख फक्त नवी. पण त्याच तलावाच्या काठाने एक फेरी मारा. पेव्हर ब्लॉक नुकतेच बसलेले असतात, रेलिंगला रंग लागलेला असतो, शोभेचे दिवे असतात, आणि कोनशिला तर असतेच. पैसा आलेला असतो. तो काठापर्यंत येऊन थांबलेला असतो.

यामागे दरवेळी कोणाची खोट असते असं नाही. महापालिकेच्या हिशेबात खर्चाचे दोन कप्पे असतात, भांडवली आणि महसुली. भिंत, कठडा, उद्यान, जॉगिंग ट्रॅक ही भांडवली कामं. ती एकदा होतात, लोकांना दिसतात, त्यांना वरून अनुदान मिळतं आणि नारळही फोडता येतो. जलपर्णी काढणं हे मात्र घरातल्या केरवाऱ्यासारखं काम. ते झालं की कोणाच्या लक्षात येत नाही, राहिलं की सगळ्यांना दिसतं, आणि ते कधी 'पूर्ण' होत नाही. असा खर्च महसुली कप्प्यात बसतो. तिथे पगार, वीजबिल, पाणी आणि कचरा यांचा वाटा काढला की तलावाच्या नावाने शून्यच उरतं.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मोठा निधी मागण्याच्या नादी लागू नका. आपल्या तलावाच्या देखभालीसाठी दरवर्षीची एक छोटी तरतूद मागा, तीही तलावाच्या नावानिशी. कोटींच्या प्रस्तावाची फाईल मंत्रालयात वर्षं काढते. काही लाखांची वार्षिक तरतूद चार-सहा माणसांनी नेटाने लावून धरली तर येत्या अंदाजपत्रकात छापून येऊ शकते. ती कशी मागायची, तिच्या जोडीला बाहेरचा पैसा कुठून येतो आणि आलेला पैसा पाण्यात कसा जाणार नाही, एवढंच या लेखात पाहू.

आधी कागद

निवेदन लिहायच्या आधी तलाव कोणाचा आहे ते शोधा. आपल्याकडे हे वाटतं तितकं सोपं नाही. वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली, ती वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून. तलाव त्याच्या कितीतरी आधीचे. सोपाऱ्यात भातेला तलावाजवळ १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला होता. निर्मळच्या तळ्याला तर परशुराम आणि विमलासुराची कथा चिकटलेली आहे. तळी इतकी जुनी आणि दप्तर चार नगरपरिषदांचं, पंचायतींचं, महसूल खात्याचं, देवस्थानांचं. साहजिकच काही तलाव 'सरकार' म्हणून नोंदलेले सापडतात, काही जुन्या ग्रामपंचायतीच्या नावावर, काही देवस्थानाच्या, काहींवर दहा-पंधरा सहहिस्सेदारांची नावं.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे जी तळी, नाले, जलाशय कोणा व्यक्तीच्या मालकीचे नाहीत ते राज्य शासनाचे. महापालिका बऱ्याच ठिकाणी फक्त सांभाळ करणारी असते, आणि 'सदर तलाव महापालिकेच्या ताब्यात नाही' या एका ओळीवर अनेक निवेदनं निकालात निघतात. ही ओळ यायच्या आधीच तुमच्याकडे सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि गावनकाशा असायला हवा. सातबारा महाभूलेख संकेतस्थळावरून निघतो, नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून. 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. मासेमारीचा ठेका, पाण्याचा हक्क, कुळ, जे काही असेल ते तिथे असतं. तलाव सरकारी असेल तर पहिली मागणी पैशाची नको. तो देखभालीसाठी महापालिकेकडे वर्ग करावा, अशी मागणी तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे करा आणि तिची प्रत आयुक्तांना द्या.

क्षेत्रफळही इथेच मिळतं, आणि पुढचं सगळं गणित त्यावर चालतं. सातबाऱ्यावर दोन एकर आणि जागेवर दीड एकर असा फरक दिसला, तर उरलेला अर्धा एकर कुठे गेला हा प्रश्न जलपर्णीपेक्षा मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावतळ्यांवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले होते. मोजणी मागताना त्याचा हवाला जरूर द्या.

बावखलांचा प्रश्न वेगळा. वसईबाहेरच्या वाचकासाठी सांगतो : पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये पावसाचं पाणी साठवण्यासाठी खणलेली ही गोड्या पाण्याची छोटी तळी. त्यावर रहाट चालायचे. केळी, पानवेल, फुलझाडं, भाजी सगळं या पाण्यावर उभं राहिलं. बावखलात पाणी असलं की आसपासच्या विहिरीत खारं पाणी शिरत नाही, हे इथला कोणीही जुना माणूस सांगेल. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला, त्याच्या मुळाशी हीच जमीन आणि हेच पाणी होतं. पण बहुतेक बावखलं खासगी वाडीत आहेत. खासगी जागेवर महापालिकेचा पैसा सरळ खर्च होत नाही. लेखापरीक्षणात आक्षेप येतो. तिथे सगळ्या हिस्सेदारांचं संमतिपत्र घेऊन वाडीतल्या लोकांनी काम उभं करायचं आणि महापालिकेकडे फक्त यंत्र, डंपर आणि काढलेला माल टाकायला जागा मागायची. ही मागणी नाकारणं अधिकाऱ्यालाही अवघड जातं, कारण त्यात लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातला खर्चाचा स्वतंत्र कप्पा, लागत नाही.

जलपर्णीचं गणित

निधी किती मागायचा हे ठरवायला ही वनस्पती थोडी जवळून पाहावी लागते. एक रोप उचलून बघा. देठ मधे फुगलेला आणि दाबला तर स्पंजासारखा, खाली काळसर, पिसांसारख्या मुळांचा झुपका, आणि बाजूला आडव्या धाग्याने जोडलेलं एक पिल्लू. हाताला ते जड लागतं, कारण त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. मूळ दक्षिण अमेरिकेतलं, जांभळ्या फुलांसाठी जगभर नेलेलं. आपल्याकडच्या उबेत आणि सांडपाण्याच्या खतावर ते दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतं. बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

आता हिशेब करा. ठेकेदाराने तलाव 'साफ' केला आणि कोपऱ्याकोपऱ्यात मिळून पाच टक्के जलपर्णी राहिली. दोन आठवड्यांत दहा, चार आठवड्यांत वीस, सहात चाळीस, आठव्या आठवड्यात ऐंशी टक्के. दोन महिन्यांत बिल निघालेलं असतं आणि तलाव पुन्हा होता तसा झालेला असतो. एकदाच काढण्यावर कितीही पैसा ओतला तरी तो वाया जातो, तो असा. पहिल्या मोठ्या सफाईनंतर वर्षभर पंधरवड्याला एकदा कोणीतरी तराफ्यावरून फिरून उरलीसुरली रोपं वेचणं हेच खरं नियंत्रण, आणि मोठ्या सफाईच्या मानाने ते खूपच स्वस्त पडतं.

दोन एकरांचा तलाव धरू, म्हणजे साधारण आठ हजार चौरस मीटर. दाट वाढलेली जलपर्णी चौरस मीटरला तीस किलोच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त भरते. तीसने धरलं तर २४० टन. दहा टनी डंपरच्या २४ खेपा. हा झाला पहिल्या सफाईचा आकार. त्यानंतरच्या देखभालीला चार-पाच माणसं, एक तराफा, बांबू, जाळी आणि महिन्यातून तीन-चार दिवस पुरतात. दोन्ही आकडे निवेदनात वेगवेगळे लिहा. पहिली सफाई एकवेळची, देखभाल दरवर्षीची. एकत्र लिहिले तर पहिल्याच वर्षी सगळा पैसा संपवला जातो.

वेळही महत्त्वाची. पावसाळ्याआधी, जानेवारी ते मे या काळात, पाणी उतरलेलं असताना मोठी सफाई व्हायला हवी. जुलैत काम निघालं तर समजा की आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. तोवर सांडव्यावरून रोपं नाल्यात, नाल्यातून खाडीकडे आणि पुढच्या तळ्यात पोचलेली असतात.

तणनाशकाचा सोपा उपाय कोणी सुचवला तर ठाम नकार द्या. फवारलेली जलपर्णी तळाशी जाऊन कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात, आणि तेच पाणी झिरपून विहिरीत येतं. जैविक नियंत्रणाचा मार्ग मात्र खरा आहे. निओकेटिना नावाचे भुंगे फक्त जलपर्णीवर जगतात. ते १९८० च्या दशकात बंगळूरला आणले गेले आणि तिथल्या तलावांत उपयोगी ठरले. पण त्यांना परिणाम दाखवायला दोन-चार वर्षं लागतात आणि मधेच सगळी जलपर्णी काढली तर भुंगेही डंपरमधून जातात. म्हणून वर्दळीच्या, छोट्या शहरी तलावात हाताने वेचणं बरं. मोठ्या, दूरच्या पाण्यात भुंगे. सल्ला हवा असेल तर कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि तण संशोधन संचालनालय जबलपूरला.

आणखी एक. कमळ आणि कुमुदिनी या जलपर्णी नव्हेत. पाणकोंबड्या आणि कमळपक्षी त्यांच्या आधाराने राहतात. 'तलावातील सर्व वनस्पती काढणे' असं कामाचं वर्णन निविदेत दिसलं तर ते बदलून घ्या. काढायच्या वनस्पती नावानिशी लिहायला लावा : जलपर्णी, पिस्टिया, साल्विनिया, काठावरचा बेशरम.

अंदाजपत्रकात नाव कसं येतं

आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात बदल सुचवते, आणि महासभेच्या मंजुरीने ३१ मार्चच्या आत ते पक्कं होतं. ही झाली कायद्यातली वाट. प्रत्यक्षात आकडे ठरतात त्याच्या बरेच आधी, दिवाळीच्या सुमारास, जेव्हा लेखा विभाग प्रत्येक खात्याकडून पुढल्या वर्षाची मागणी मागवतो. फेब्रुवारीत मोर्चा नेणं म्हणजे वरातीमागून घोडं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांना आणि बांधकाम विभागाच्या अभियंत्यांना भेटा आणि आपल्या तलावाचं नाव त्यांच्या मागणीपत्रात घालून घ्या.

नगरसेवक हे यातले महत्त्वाचे लोक. जून २०२० पासून अनेक वर्षं महापालिकेवर प्रशासक होते. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच. तेव्हा निवेदन फक्त आयुक्तांना देऊन भागायचं. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर सभागृह पुन्हा आलं आहे. प्रभागात तीन-चार नगरसेवक असतात; ते एका पक्षाचे नसले तरी सगळ्यांना एकच पत्र द्या आणि सगळ्यांची सही एकाच कागदावर घ्या. श्रेयाचं त्यांचं ते बघून घेतील.

पत्र एका पानाचं असावं. मजकूर साधारण असा : 'प्रभाग समिती अमुक हद्दीतील अमुक तलाव, सर्व्हे क्रमांक अमुक, क्षेत्र अमुक चौरस मीटर, यातील जलपर्णी नियंत्रणासाठी येत्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात महसुली खर्चाखाली तलाव देखभालीच्या लेखाशीर्षात या तलावाच्या नावे स्वतंत्र तरतूद करावी. पहिल्या सफाईचा अंदाजित आकार अमुक टन, त्यानंतर दरमहा देखभाल. मागील तीन वर्षांत या तलावावर झालेल्या भांडवली व महसुली खर्चाचा तपशील सोबत जोडला आहे.'

हा शेवटचा तपशील माहिती अधिकारात मिळतो. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराची मुदत तीस दिवस. मागताना 'तलावावर किती खर्च झाला' असं मोघम विचारू नका. 'कार्यादेश, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेतील नोंदींच्या प्रती' असं लिहा. सुशोभीकरणाला किती आणि पाण्याला किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की सभागृहात भाषण करायची गरज उरत नाही.

पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. ती कितपत मनापासून राबवली जाते यावर पुणेकरांची मतं वेगवेगळी आहेत, तरी निदान एक छापील अर्ज आणि एक मुदत असते. तसाच अर्ज आपल्या नऊ प्रभाग समित्यांमध्ये असावा, ही मागणी कोणत्याही एका तलावाच्या मागणीपेक्षा जास्त कामाची आहे.

आणखी एक दार लोकांच्या लक्षात येत नाही. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार दिवसच्या दिवस पाण्याखाली होतं. त्यानंतर नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या आणि आयआयटीच्या तज्ज्ञांकडून अभ्यास झाला आणि पावसाचं पाणी धरून ठेवणारे धारण तलाव करण्याची शिफारस आली. म्हणजे तलावाची साठवण ही पूरनियंत्रणाची बाब आहे, आणि पूरनियंत्रणाच्या, नालेसफाईच्या लेखाशीर्षात पैसा असतो. दरवर्षी मे महिन्यात नालेसफाई होतेच. नाला ज्या तलावात उतरतो त्याचं तोंड आणि सांडवा त्याच कामात घालून घ्या. नवी तरतूद नाही, नवी निविदा नाही.

वरून येणारा पैसा

राज्याच्या पर्यावरण विभागाची सरोवर संवर्धन योजना २००६-०७ पासून आहे. काही वाटा राज्याचा, काही स्थानिक संस्थेचा. सांडपाणी वळवणं, गाळ काढणं, जलपर्णी काढणं ही कामं तीत बसतात. केंद्राची राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना २००१ ची. तिच्यातून पवई, ठाण्यातले नऊ तलाव, भिवंडीचा वऱ्हाळादेवी आणि कोल्हापूरचा रंकाळा यांना पैसा मिळाला. २०१३ मध्ये ती राष्ट्रीय जलीय परिसंस्था संवर्धन योजनेत विलीन झाली. अमृत २.० हे अभियान १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालं आणि त्यात जलस्रोतांच्या पुनरुज्जीवनाचा स्वतंत्र भाग आहे. दहा लाखांवरच्या शहरांना त्यात केंद्राचा वाटा २५ टक्के. २०११ च्या जनगणनेत आपण १२ लाखांवर होतो, म्हणजे उरलेल्यात राज्य आणि महापालिका. या अभियानात आपल्या शहराचे कोणते जलाशय धरले आणि त्यांचं काय झालं, हे आधी विचारून घ्या.

या सगळ्या योजनांना सविस्तर प्रकल्प अहवाल लागतो, सल्लागार लागतो, आणि सल्लागाराला भिंत काढता येते तितकी सहज जलपर्णी काढता येत नाही. म्हणून अहवाल तयार होत असतानाच त्याची प्रत मागा आणि शेवटच्या पानावर देखभालीचा खर्च पाच वर्षं कोण उचलणार हे लिहिलंय का ते बघा. सहसा 'स्थानिक स्वराज्य संस्था' एवढंच असतं. त्यापुढे लेखाशीर्ष लिहायला लावा.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाल्यापासून आपली जिल्हा नियोजन समिती वेगळी आहे, पालकमंत्री तिचे अध्यक्ष. आमदार आणि खासदार निधीही आहेत. पण यातून टिकाऊ मालमत्ता उभी राहायला हवी अशी अट असते, वर्षानुवर्षांची मजुरी त्यातून देता येत नाही. या निधीतून मागायचंच असेल तर सांडपाण्याचा नाला तलावाबाहेर वळवणारी वाहिनी मागा. तिच्यावरही नारळ फुटू शकतो.

माझी वसुंधरा अभियान २०२० पासून आहे. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशा पंचमहाभूतांवर स्थानिक संस्थांना गुण आणि बक्षिसं. बक्षिसापेक्षा उपयोग असा की गुणांसाठी अधिकाऱ्याला जलस्रोतांवरचं काम दाखवावं लागतं. तुमचं श्रमदान, फोटो आणि नोंदवही त्याच्या कामाची असते. मग तराफा आणि डंपर मागणं सोपं जातं.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हा शब्द हल्ली प्रत्येक बैठकीत निघतो. कायद्याने तो ज्यांना लागू होतो त्या कंपन्या म्हणजे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या. वालीव, सातिवली, गोखिवरे इथले बहुतेक औद्योगिक गाळे या निकषात बसत नाहीत. शिवाय संस्थेला हा निधी घ्यायचा तर सीएसआर-१ नोंदणी लागते. गणेशोत्सव मंडळाला किंवा सोसायटीला तो थेट घेता येत नाही. त्याच्या मागे वर्ष घालवू नका.

वसई तालुक्यातली सगळी गावं महापालिकेत नाहीत. अर्नाळ्यासारख्या ग्रामपंचायतींमध्ये वाट छोटी आहे : ग्रामसभेत ठराव, ग्रामपंचायत विकास आराखड्यात काम, आणि वित्त आयोगाच्या बंधित अनुदानातल्या पाण्याच्या वाट्यातून पैसा. पंधराव्या वित्त आयोगाचा काळ मार्च २०२६ पर्यंतचा. आता सोळाव्याच्या अटी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून समजून घ्या आणि मगच ठरावाची भाषा ठरवा.

सांडपाणी आलं तर सगळं व्यर्थ

रंकाळ्याला केंद्राचा पैसा मिळाला, तरी नाल्यांचं पाणी त्यात येत राहिलं आणि पाणी हिरवं होत राहिलं. जलपर्णी नायट्रोजन आणि फॉस्फरसवर पोसते, आणि हे दोन्ही आपल्या संडास-मोरीतून येतात. वसई-विरारमध्ये मोठी वस्ती अजून सेप्टिक टाकीवर आहे; मलप्रक्रियेची क्षमता वस्तीच्या मानाने फारच तोकडी. हा विषय राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला आहे. तेव्हा तलावासाठी निधी मागणाऱ्या प्रत्येक सोसायटीने आधी आपल्या टाकीचा ओव्हरफ्लो कुठे जातो ते बघावं. अनेकदा उत्तर लाजिरवाणं निघतं, पण ते आधी आपल्याला कळलेलं बरं. पावसाळा नसताना, एप्रिलच्या दुपारी, तलावात येणारी प्रत्येक वाहती धार ही सांडपाण्याचीच. तिचा फोटो आणि जागा निवेदनाला जोडा, प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला.

विसर्जनाबाबत आपली परिस्थिती बरीच सुधारली आहे. कृत्रिम तलाव आणि बंद दगडखाणींमुळे तलावांवरचा भार कमी झाला. निर्माल्य मात्र वर्षभर पडतं.

माशांबद्दल तर कोणी बोलतच नाही. परदेशी मागूर, ज्याला बाजारात थाय मागूर म्हणतात, त्याच्यावर २००० पासून बंदी आहे आणि २०१९ मध्ये हरित लवादाने साठे नष्ट करायला सांगितलं. हा मासा घाण पाण्यात तगतो आणि स्थानिक माशांची पिल्लं खातो. तिलापिया, शोभेच्या टाकीतला सकर, लाल कानाचं कासव हे तर घरचेच लोक 'पुण्य' म्हणून सोडतात. तलावाचा मासेमारी ठेका असेल तर करारात कोणती मत्स्यबीजं सोडायची याची यादी आणि बाहेरची जात सापडल्यास ठेका रद्द अशी अट घालून घ्या. ठेक्याचं उत्पन्न त्याच तलावाच्या देखभालीला लावावं हा ठराव महासभेत होऊ शकतो. रक्कम लहान असते, पण दरवर्षी येते.

काम निघाल्यावर

जलपर्णी काढण्याच्या कामात पैसा जिरवायला जागा भरपूर, कारण काढलेला माल आठवड्यात वाळून जातो आणि पुरावा उरत नाही. पुण्यात २०१९ साली तलावांतली जलपर्णी काढायची महागडी निविदा वादात सापडून रद्द करावी लागली. म्हणून निविदेच्या अटींवर आधीच लक्ष ठेवा.

टनावर पैसे देण्याची पद्धत सर्वांत वाईट. ओलं वजन मोजलं तर महापालिका नव्वद टक्के पाण्याचे पैसे देते, आणि ठेकेदाराला थोडी जलपर्णी शिल्लक ठेवणं फायद्याचं ठरतं. पहिल्या सफाईला क्षेत्रफळावर दर आणि देखभालीला 'दर महिन्याच्या अखेरीस ९५ टक्के पाणी मोकळं' यावर मासिक रक्कम, अशी अट घाला. तपासायला उपग्रहाची छायाचित्रं फुकट मिळतात. सेंटिनेल-२ हा उपग्रह दर काही दिवसांनी वरून जातो आणि दहा मीटरपर्यंतचा तपशील दाखवतो. पावसाळ्यात ढगांमुळे ती दिसत नाहीत. तेव्हा काठावरच्या एकाच ठिकाणाहून, एकाच दिशेने, दर रविवारी मोबाइलवर काढलेला फोटो पुरतो.

काढलेली जलपर्णी काठावर टाकून ठेवली तर पहिल्या सरीत परत पाण्यात. उताराच्या पलीकडे पसरून वाळवायची, मग खतासाठी न्यायची. सगळी गोखिवऱ्याच्या क्षेपणभूमीवर नेली तर वाहतुकीचा खर्चच अर्धं अंदाजपत्रक खातो. मात्र कारखान्यांच्या पट्ट्यातल्या पाण्यातली जलपर्णी जड धातू शोषून घेते. तिचं खत केळीच्या वाडीत घालायच्या आधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावं.

शेवटचं बिल आणि ठेकेदाराची अनामत या दोन तारखा विचारून ठेवा. मे अखेर काम संपलं की जूनमध्ये अनामत परत, असा रिवाज असतो. अनामत दिवाळीपर्यंत धरून ठेवण्याची अट घाला. पहिल्या पावसाने वाहून आलेली, गाळातल्या बियांतून उगवलेली, कोपऱ्यात राहून गेलेली सगळी रोपं तोवर वर आलेली असतात, आणि ती काढायला त्याच माणसाला त्याच पैशात परत यावं लागतं.